कोऱ्या कॉलरचा कोट

आमच्या वन्संना नवा कपडा बघवत नाही. ह्यांच्यासाठी हौसेने शर्ट आणला, तर घडी मोडायच्या आत त्यांचा अंगठा कोपरावर फिरायला लागतो. "आधी इथे विरेल," म्हणतात, "मग इथे." शर्टाचं भविष्यच सांगतात म्हणा ना.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी उमेद सिनेमाच्या स्टुडिओत गेली, कपडे जुने करण्यात. हो, हेच काम. शिंप्याकडून करकरीत कोट यायचा आणि वन्संनी तो कुणीतरी वर्षानुवर्षं अंगावर काढल्यासारखा करून द्यायचा. चहाचं पाणी, पॉलिश पेपर, मेणबत्तीचं मेण, ओल्या दोरीने आवळून पाडलेल्या चुण्या. हे एकदा गमतीने म्हणाले, "ताई, मला बघून कुणालाही वाटेल, हा तुझ्याच हाताखालून गेलाय." तर म्हणाल्या, "नाही रे बाबा, तू मुळातच तसा आलास."

स्टुडिओ बंद पडला तेव्हा लिलावघराच्या मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. जुन्या सिनेमांतले कपडे, टोप्या, काठ्या, तलवारी तिथे विकायला येतात. हौशी लोक घेतात, पण त्यात नकली माल फार. वन्संनी सांगायचं, वस्तू खरोखर त्या सिनेमातली आहे की नाही. सिनेमा पडद्यावर जागच्या जागी थांबवायचा आणि बटणाची भेग, टाक्याचा तिरकेपणा, डागाचा आकार हातातल्या वस्तूशी ताडून बघायचा. जुळलं की दाखल्यावर सही. वन्संची सही झाली की विषय संपला. त्यांच्या शब्दावर हेही तिथल्या गोदामाच्या देखरेखीला लागले आणि गोदामावरच्या दोन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या. रोज देवापुढे बसले की मी मालकांचंही भलं मागत असे.

मग तो दीपगृहाच्या राखणदाराचा कोट आला. आमच्या पिढीत तो सिनेमा न पाहिलेला माणूस नसेल. शेवटी म्हातारा राखणदार लाटा अंगावर घेत धक्क्यावरून चालत जातो, आणि सगळं थिएटर नाक पुसत बसतं. कोट वन्संनीच जुना केलेला. हातात आला आणि बाई लहान मुलीसारख्या हरखल्या. मला खाली हाक मारून दाखवलं. "हे बघ, खिशाच्या तोंडाशी मी विटेने घासलं होतं. माझाच हात गं हा!" पडद्यावर बघितलं. खिसा जुळला, कोपर जुळलं. सही झाली, लिलावाची पुस्तिका छापून गेली. तो नट आता हयात नाही. त्याच्या मुलीने कळवलं, मी येते. घराला आग लागली त्यात वडिलांचा रुमालसुद्धा उरला नव्हता तिच्याकडे.

एका सकाळी मी ह्यांचा शर्ट घासत होते आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. "वन्सं, तुमच्या भावाच्या मानेत मळाची खाण आहे की काय? बोटं झिजली माझी!"

त्या कप पुसत होत्या. हात थांबला. "मानेचा मळ," असं पुटपुटल्या आणि कप तसाच ठेवून जिना उतरल्या. मी ओल्या हातांनी मागोमाग.

गोदामातल्या दिव्याखाली त्यांनी कोटाची कॉलर उलटली. स्वच्छ. अस्तर स्वच्छ. काखेत घामाची रेघ नाही. नटाच्या मानेपर्यंत मेकअप थापलेला असतो, तो कॉलरला लागल्याशिवाय राहत नाही. वन्सं एका पेटीवर बसल्या.

"दोन केले होते," म्हणाल्या. "त्याच्या अंगावरचा खाऱ्या पाण्याने कुजला, टाकून दिला. हा जाहिरातीसाठी थिएटरच्या काचेत टांगायला केलेला. डागाला डाग, टाक्याला टाका. माझा हात दिसला आणि मी भुलले गं. अंग बघितलंच नाही."

तशाच मालकांकडे गेल्या. मालक कधी आवाज चढवत नाहीत. "बाई, एक दाखला मागे घेतला की बाकीचे दाखले घेऊन लोक दारात उभे राहतील. सगळ्यांवर तुमच्याच सह्या आहेत." मग जरा हसून, "कॉलरचंच अडलंय ना? तुमच्या हाताला काय जड आहे? थोडा रंग, थोडं तेल." आणि वन्सं उठल्यावर म्हणाले, "वरच्या खोल्या ठीक आहेत ना? गळतबिळत नाहीत?"

संध्याकाळी कोट आमच्या घरी आला, सोबत मेकअपची डबी. दारामागच्या खुंटीला लावला. दोन खोल्यांचं घर, कुठेही बसा, तो दिसायचाच. त्याला पाठ करून जेवायला बसलो.

"ताई, जन्मभर हेच केलंस," हे म्हणाले. "आणखी एकदा."

"तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं रे, खोटं आहे म्हणून. तिकीट काढून बघायला यायचे."

"मग सामान कुठे हलवायचं तेही तूच ठरव!" हे ताट सारून उठले. बहिणीवर ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जिन्यात जाऊन उभे राहिले. आणखी जाणार कुठे?

वन्सं मला म्हणाल्या, "तू देवाला विचार. तुझं ऐकतो तो." मी बसले, डोळे मिटले. खाली पेट्यांना कुलपं लावत होते, तेवढंच ऐकू आलं.

वन्संनी डबी उघडली नाही. कोट ब्रशने झटकला आणि कोऱ्या कॉलरनिशी परत नेला.

लिलावाच्या आधी वस्तू बघायला ठेवतात, त्या दिवशी नटाची मुलगी आली. मी वन्संच्या सोबतीला होते. तिने कोट छातीशी धरला, नाक त्यात खुपसलं. वन्सं पुढे झाल्या. मालक शेजारीच होते. "हा त्यांनी घातलेला नाही. काचेत टांगायला मी केला होता. चूक माझी आहे."

मालकांनी मान हलवली. "वय झालं आता बाईंचं," म्हणाले, अगदी मायेने.

मुलीने पुस्तिका उघडून दाखवली. "पण इथे तुम्हीच सही केलीय. तुम्ही चुकत नाही, असं सगळे म्हणतात."

"कॉलर बघा. एक डाग नाही."

तिने कॉलर बघितली नाही. कोट आणखी घट्ट धरला. "हातात घेताच मला कळलं, बाबांचाच आहे. आता नका ना असं बोलू."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. मग मागे सरल्या.

कोट तिच्याच घरी गेला. खोल्या आमच्याकडे राहिल्या, कुणी ब्र काढला नाही. वन्संनी निरोप धाडला, हात थरथरतो, यापुढे सही होणार नाही. मालकांचं उत्तर आलं, खुशाल आराम करा. आम्हाला वाटलं, सुटलो. मी देवाचे आभारही मानून बसले.

काल हे जेवायला वर आले. ताटात बघतच म्हणाले, "ताई, त्यांनी तुझ्या सहीचा शिक्का करून घेतलाय. हुबेहूब. शेवटचा फराटासुद्धा. सकाळपासून दाखल्यांवर मारतायत."

वन्संनी हातातला घास खाली ठेवला. मी मनात देवाचा धावा केला, पण रोजचं मालकांचं नाव ओठांशी येऊन अडलं. घ्यावं तर जीभ वळेना, गाळावं तर डोक्यावरचं छप्पर त्यांचंच.

"शाई कुठली वापरतात?" वन्संनी विचारलं.

"निळी."

"त्यात थोडं पाणी घालायला सांग," वन्सं म्हणाल्या. "सही नवी दिसत असेल."