सात एकांची संख्या

नातीची पाटी ओल्या फडक्यानं पुसली, की त्या वासासरशी मी बुधवारा पेठेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसते.

बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात गेलं, ते वर्ष. माझे वडील, अण्णा, मराठी शाळेत गणित शिकवत आणि मी त्यांच्याच वर्गात होते. पुढच्या वर्षापासून हिंदीतून शिकवायचा हुकूम आला होता. “या वयात पोरांसमोर चुकायचं?” एवढंच अण्णा बोलले होते.

१११११११ ही संख्या दाखवून ते दरवर्षी सांगत, “हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही.” मी मात्र हट्टानं दोन दिवस पाटी भरभरून भागत सुटले. २३९ नं भागलं आणि बाकी शून्य! भागाकार ४६४९.

अण्णांनी अंकांच्या बेरजा करून नवाचा ताळा पाहिला. दोन्हीकडे सात. “जुळतोय खरा,” ते पुटपुटले.

“ताळ्याचा भरवसा नका धरू, अण्णा. आकडे उलटेपालटे झाले तरी तो जुळतो, तुम्हीच सांगता. गुणून बघा ना!”

त्यांनी गुणलं. पाटीवर एकचे सात आकडे ओळीनं उभे राहिले. अण्णा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, मी जिंकले. त्या वेळात ते काय ठरवत होते, हे मला आज कळतं.

हुकमाला अजून अवकाश होता. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तो गुणाकार फळ्यावर मांडला, आमच्याकडे वळले आणि वर्गातलं आपलं पहिलं हिंदी वाक्य बोलले, “बच्चो, इतने साल मैं गलत था.”