भजनानंतर सांगा

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात लसीकरणाचं सामान आवरत होते. उन्हाचा कडाका होता, सकाळपासून पाठ टेकली नव्हती. सुनंदा म्हणजे वाडीतलं बायकांचं भजन चालवणाऱ्या अक्कांची सून. चार दिवसांपासून ती नवऱ्यासोबत अक्कांना घेऊन धाराशिवच्या दवाखान्यात होती. "सिस्टर, आत्या गेल्या," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, रडून झालेला. कधी, असं मी विचारलं. आत्ताच, म्हणाली. वाडीत कुणाला कळवलं, तर कुणालाच नाही. नवऱ्यालाही तिनं गावात फोन करू दिला नव्हता. दवाखान्याचे सोपस्कार व्हायचे होते, सकाळी गावाकडं आणणार होते. मग जरा थांबून तिनं खरं काम सांगितलं. "आत्यांनी बजावून ठेवलंय... पहिलं सिस्टरला सांगायचं. अन् सिस्टरनं वाडीला भजनानंतर सांगायचं." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार. अक्कांना नाही म्हणायची सोय त्या जिवंत असतानाही नव्हती.

हे असं का, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. भूम तालुक्यातल्या ईट गावापासून थोड्या अंतरावरची ही वाडी. दोन-चार घरं सोडली तर सगळी वाडी एका आडनावाची, एका भावकीची. भावकीत कुणी गेलं की सगळ्यांना दहा दिवस सुतक. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही, टाळ हातात घ्यायचा नाही. आणि एवढ्या मोठ्या भावकीत म्हातारी माणसं काही कमी नसतात, कुणी पुण्याला जातं, कुणी भूमला. पूर्वी विठ्ठलाच्या देवळात पुरुषांचं रोजचं भजन होतं म्हणे. एका वर्षी सुतकावर सुतक आलं, भजन थांबलं. सुतक फिटलं तर पेरणी आली, पेरणी झाली तर निवडणूक. मग ते सुरूच झालं नाही. पखवाज खुंटीला टांगलेला राहिला आणि त्याची एक बाजू उंदरांनी खाल्ली. तो पखवाज अक्कांनी मढवून आणला, धाकट्या जावेच्या, पारूबाईंच्या पुढ्यात ठेवला, आणि वाडीतल्या सुना-जावांना घेऊन रोज संध्याकाळचं भजन सुरू केलं. तेव्हा मी इथं नव्हते. पण अक्का ही हकिगत सांगायच्या ती देवाधर्माची म्हणून नाही, दुरुस्तीची म्हणून. एकदा खंड पडला की बसलं, एवढाच त्यातला मुद्दा.

म्हणून अक्कांनी एक वाट काढली होती. सुतक मरणाने लागत नाही, ते कानावर आल्यावर लागतं, असं जुनी माणसं मानतात. अक्कांनी ते शब्दशः धरलं. भजनाच्या वेळी सगळ्या बायकांचे मोबाईल बंद. दुपारनंतर कुणी तोंड पाडून वाडीत शिरलं तर त्याला अक्का बोलूच द्यायच्या नाहीत. एकदा शेजारच्या वाशी तालुक्यातून भावकीतला एक माणूस निरोप घेऊन मोटारसायकलवर आला. भजन सुरू व्हायला थोडा वेळ होता. त्यानं गाडी लावली, डोक्याचा रुमाल काढला, तोंड उघडलं, तर अक्कांनी हात वर केला. "बसा की पाहुणं. लई उन्हातनं आलाव. पाणी प्या." तो म्हणाला, अक्का, निरोप हाय. अक्का म्हणाल्या, "निरोप कुठं पळून जातोय व्हय? आरती झाली की सांगा." बिचारा सबंध भजनभर देवळाच्या ओट्यावर रुमाल पिळत बसला. सगळ्या बायका त्याच्याकडं बघत होत्या आणि गात होत्या. कोण गेलं असेल याचा अंदाज प्रत्येकीनं मनात बांधला असणार. आरती झाली, प्रसाद वाटला, त्यालाही दिला. मग अक्का पदर सारखा करून त्याच्यासमोर बसल्या, म्हणाल्या, आता सांगा. त्यानं त्यांच्या चुलतदिराचं नाव घेतलं आणि अक्कांनी मोठ्यानं हंबरडा फोडला. तो खोटा नव्हता. तासभर आवरून धरलेला होता, एवढंच. त्या दिवसाचं भजन मात्र झालं होतं.

पण दुसऱ्या दिवसापासून पुढं काय, हा प्रश्न त्या युक्तीनं सुटत नव्हता. त्याचं उत्तर म्हणजे मी. मी मूळची नळदुर्गची, नर्सच्या नोकरीनं इथं आलेली. नवरा सोलापूरला, मुलगी शिकायला बाहेर. देवळासमोरच खोली भाड्यानं घेतली होती. अक्का बीपी तपासायला म्हणून पहिल्यांदा आल्या आणि पट्टा दंडाला बांधलेला असतानाच माझं माहेर, सासर, आजोळ, नणंदा कुठं दिल्या, हे सगळं विचारून काढलं. अशी चौकशी आम्हा नोकरदार बायकांना नवी नाही. मी सांगत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजी आमच्यात कुठंच नातं लागत न्हाय म्हणा की." हे त्या इतक्या समाधानानं म्हणाल्या की मला जरा विचित्रच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या टाळ घेऊन दारात.

मला गाता येत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. देवाचंही मला फारसं काही नाही, हेही सांगितलं. रोज सकाळी दिवा लावते, तो आईनं लावला म्हणून. त्यावर अक्का म्हणाल्या, "गळा न्हाय तर न्हाय, तोंड हाय की. देवाला काय रेडिओ ऐकायचाय?" मी म्हटलं, दिवसभराच्या ड्यूटीनं अंग मोडून येतं, संध्याकाळी आडवं व्हावंसं वाटतं. "मग तितंच व्हा आडवं. आमी वाजवतो, तुमी झोपा." मी पहिल्या दिवशी गेले ती त्यांचं तोंड बंद करायला. पारूबाई पखवाजावरून माझ्याकडं बघून हसत होत्या. माझा टाळ ठेक्याच्या मागं मागं पडत होता, जसं काही उशिरा आलेलं माणूस पंगतीत घाईनं जेवतंय.

अक्कांचा आवाज चांगला होता असं मी म्हणणार नाही. जाड होता, वरच्या सुरात फाटायचा. पण त्या एकेक चरण भाकरी थापावी तसा म्हणायच्या, एका मापाचा, घाई नाही. भक्तीच्या नावाखाली डोळे मिटणं, डोलणं असलं काही त्यांच्यात नव्हतं. मधेच गाणं न थांबवता एखादीला डोळ्यानं खुणवायच्या, वात पुढं कर. मी एकदा त्यांना विचारलं होतं, रोज रोज तेच म्हणून तुम्हाला काय मिळतं? त्यांनी विचार करून सांगितलं, "मिळत काई न्हाय. पर दिस मिटतो नीट." मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पण नोकरीत असे कितीतरी दिवस असतात की जे मिटतच नाहीत, जेवताना, अंथरुणात तसेच उघडे पडलेले असतात. एखाद्या बाईचं बाळंतपण अवघड गेलेलं असतं, वरच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललेलं असतं. देवळात जाऊन आलं की ते नाहीसं होत नव्हतं, पण त्याच्यावर झाकण बसत होतं. मी हे अक्कांना कधी सांगितलं नाही. त्यांनी लगेच काकडआरतीलाही बोलावलं असतं.

हिवाळ्यात त्यांच्या पायाला सूज यायला लागली, जिना सोडा, देवळाची पायरी चढतानाही धाप लागायची. त्यांनी मला एकटीला गाठलं. "सिस्टर, उगी धीर देऊ नका. खरं सांगा." मी खरं ते सांगितलं, हृदय थकलंय, औषधं नीट घ्या, मीठ सोडा. मीठ त्यांनी सोडलं नाही. पण त्या दिवसापासून मला शिकवायचा सपाटा लावला. चाली पाठ करून घेतल्या, कुठला अभंग कशानंतर, आरतीला कुठं थांबायचं. मी चुकले की टाळाच्या दोरीनं हातावर हलकंसं मारायच्या. मी वैतागून म्हणायचे, अक्का, पारूबाई आहेत, सुनंदा आहे, मला कशाला? त्या म्हणायच्या, "त्येंचं सोडा. त्या माझ्याच हायेत." मला वाटायचं, लाडानं म्हणतात. हिशोब होता तो. त्यांच्या मरणाचं सुतक सगळ्या मंडळाला लागणार होतं, मी सोडून.

तर त्या संध्याकाळी मी तोंड धुतलं, साडी बदलली आणि देवळात गेले. बायका जमल्या होत्या. कुणीतरी विचारलं, धाराशिवचा काही फोन? मी म्हटलं, आला होता... भजन झालं की बोलू. सराव नसल्यासारखं मी ते म्हटलं असावं. कारण पारूबाई माझ्याकडं बघत राहिल्या, बराच वेळ. मग त्यांनी पखवाजाला कणीक लावली, थाप मारून पाहिली आणि म्हणाल्या, "घ्या पहिला."

आम्ही म्हणत गेलो. एरवी ज्या बायका शेवटाकडं घड्याळ बघतात, पोरं उपाशी आहेत म्हणून कुजबुजतात, त्यांच्यातली एकही हलली नाही. नेहमीचे अभंग संपले. आता आरती घ्यायची, तर पारूबाईंनी दुसराच ठेका धरला. कुणीतरी लगेच त्या ठेक्यात बसणारा अभंग उचलला. तो संपला, तर आणखी एक. पुजारी आरतीचं ताट घेऊन उभे होते, ते खाली ठेवून बसले. मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. गाणं चालू होतं तोवर त्यांना काही सांगितलं गेलेलं नव्हतं, आणि न सांगितलेलं त्या जितकं लांबवता येईल तितकं लांबवत होत्या. मी इतकी वर्षं मरणाच्या बातम्या दिल्यात, ओट्यावर, फोनवर, रस्त्यात. माझं काम आहे ते. पण एवढी वाट मला कधी बघायला लागली नव्हती. शेवटी पारूबाईंचे हातच थकले. आरती झाली. त्यांनी पखवाजाला गवसणी घातली, नाडी बांधली, गाठ ओढून बघितली आणि म्हणाल्या, "हं... सांगा आता."

दुसऱ्या दिवशी अक्कांना आणलं, सगळं रीतसर झालं. संध्याकाळी मी एकटी देवळात जाऊन बसले. खरं सांगायचं तर जायचं मनात नव्हतं. अंग ठणकत होतं आणि रिकाम्या सभामंडपात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येणं ही काही सुखाची गोष्ट नाही. पुजारी भावकीबाहेरचे, त्यांना सुतक नव्हतं; ते साथ द्यायचे, पण त्यांना चाली येत नाहीत. ते फक्त शेवटचा शब्द ओढायचे. एका दिवशी भूमला मीटिंग होती, परतताना स्कूटी पंक्चर झाली, धुळीनं माखून थेट देवळात गेले आणि पायही न धुता सुरुवात केली. कुठलाही साक्षात्कार वगैरे झाला नाही. कंटाळा आला, राग आला, अक्कांचाही आला. मी देवासमोर बसून मेलेल्या बाईशी मनात भांडत होते, आणि तोंडानं अभंग चालू होता.

सुतकातल्या बायका देवळात येऊ शकत नव्हत्या, पण समोरच्या ओट्यावर येऊन बसायला कुणाची मनाई नव्हती. पहिल्यांदा सुनंदा आली, मग पारूबाई, मग हळूहळू सगळ्या. टाळी नाही, गाणं नाही, नुसत्या बसलेल्या. मी चाल चुकले की अंधूक उजेडात पारूबाईंचा खोकला यायचा. मी थांबून दुरुस्त केलं की खोकला थांबायचा. एकदा मी एक चरण साफ विसरले. गप्प झाले. पुजारीही गप्प. पलीकडून खोकलाही येईना, कारण खोकून शब्द सांगता येत नाही. तेवढ्यात सुनंदा तिच्या जावेला मोठ्यानं म्हणाली, आपण नाही का काल असं असं बोलत होतो, आणि तो चरण गद्यात, बाजारभाव सांगावा तसा म्हणून टाकला. ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. आठवड्यात पहिल्यांदा.

सुतक फिटलं, मंडळ परत आलं. मी टाळ देवळातच ठेवला आणि पुढच्या संध्याकाळी घरीच थांबले. माझं काम झालं होतं. चहा ठेवला, पाय वर घेऊन बसले. सुनंदा बोलवायला आली. मी म्हटलं, बाई, आता तुम्ही सगळ्या आहात, मला सोडा. ती दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "आमच्यात अजून लई म्हातारी माणसं हायेत सिस्टर." सासूचं बोलणं सुनेत असं उतरतं. मी चहा गाळला, अर्धा तिला दिला, आणि निघाले.

माझी बदली कधीही येईल, हे सुनंदाला माहीत आहे. वाडीच्या शाळेवर नव्या बाई आल्यात, लांबच्या तालुक्यातल्या, भावकीशी दुरूनही संबंध नसलेल्या, हे तिनंच शोधून आणलं. परवा मी त्यांच्याकडं गेले. त्या म्हणाल्या, मला गाण्यातलं काही कळत नाही, आणि दिवसभर मुलांवर ओरडून घसा बसलेला असतो. मी म्हटलं, बसलेल्या घशानं या. पहिल्या दिवशी आल्या नाहीत. काल अभंग चालू असताना देवळाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, चपला काढाव्यात की नाही अशा विचारात. पारूबाईंनी ठेका न सोडता, बसल्या जागी सरकून, जागा केली.