फ्रँकफर्टचे माएस्त्रो आणि माझी जांभळी पैठणी

आमच्या शिवणखोलीतल्या दोघी-तिघी भेटल्या की विषय एकच, माएस्त्रो! किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. टेबलाखाली चिंध्या साठाव्यात तसे ते साठतात, आणि आवरायला बसलं की एकही टाकवत नाही.

साठच्या दशकाची सुरुवात. हे डार्मश्टाटला पीएच.डी. करत होते आणि मी पुण्यातला शिवणाचा डिप्लोमा घेऊन तिथंच घरात बसले होते. तेवढ्यात कळलं, फ्लॉरेन्सच्या एका नामांकित डिझायनरनं फ्रँकफर्टला उंची कपड्यांचं सलून काढलंय, हातशिलाईवाल्या बायका हव्यात. गेले!

या डिझायनरना सगळे माएस्त्रो, म्हणजे उस्ताद म्हणत. त्यांनी माझ्यापुढे एक शिवलेली रेशमी बाही टाकली. मी सुईदोरा उचलला.

"शिवता सगळ्यांना येतं, सिन्योरा. उसवून दाखवा!"

उसवली. उजेडासमोर धरून ते टाक्यांची भोकं शोधत राहिले. एकही सापडेना, तेव्हा म्हणाले, "सोमवारपासून या."

* * *

पहिल्याच आठवड्यात बघते तर काय, एका कारखानदाराच्या बायकोच्या अंगावर चक्क मांजरपाटाचा गाऊन! आमच्या हेडबाई फ्राऊ केलर हसल्या. "अहो, हा नुसता कच्चा गाऊन. खरं रेशीम नंतर."

"चुका स्वस्त कापडात करून घ्यायच्या," माएस्त्रो टाचण्या तोंडात धरूनच म्हणाले.

घरी येऊन यांना सांगितलं. हे थीसिसच्या ढिगाऱ्यातून वर बघत म्हणाले, "अगं, मलाही आण ना थोडं मांजरपाट!"

* * *

एक बाई चांगल्याच जाडजूड. आरशाकडे पाठ करूनच उभ्या राहिल्या. माएस्त्रो त्यांच्याभोवती नुसते फिरत राहिले. मग खांद्यावरची एक शिवण बोटभर मागे घेतली. बस्स, तेवढंच! बाई वळल्या, आरशात बघितलं आणि एकदम ताठ झाल्या. मग फ्राऊ केलरना म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला फोन लावा. म्हणावं, आज बाहेर जेवायचंय!"

* * *

पण सगळ्याच अशा नव्हत्या. युद्धात होतं नव्हतं गमावलेल्या बायका त्या. कोट हातात घेतला की पहिला प्रश्न, "किती वर्षं टिकेल?"

एकदा माएस्त्रो वैतागले. "मादाम, आठवण किती वर्षं टिकते?"

"अगदी बरोबर! पण आठवण घासून धुवावी लागत नाही ना!"

हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगत. गिऱ्हाईक मात्र घटत चाललं. शेवटी त्यांनी आम्हाला सांगून टाकलं, वसंतातला फॅशन शो पडला तर सलून बंद, आणि ते परत फ्लॉरेन्सला.

* * *

शोचा दिवस. शुभ काम म्हणून मी लग्नातली पैठणी नेसून गेले. जांभळी! जांभळा म्हणजे इटालियन लोकांना महाअपशकुन, त्यातून शोच्या दिवशी. मला काय ठाऊक! फ्राऊ केलर किंचाळल्याच, "घरी जा, बदलून या!" पण पाहुण्या बायका खाली जमायला लागल्या होत्या.

माएस्त्रो आले. मला बघून पांढरे पडले. हात आपसूक खिशातल्या कात्रीकडे गेला. अपशकुन झाला की हे लोक लोखंड धरतात.

मग जवळ येऊन त्यांनी माझा पदर उचलला. कुठलाही कपडा ते आधी मागून बघत. पदर उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"सिन्योरा, याची उलटी बाजू कुठंय?"

"नसते. पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच."

त्यांनी पदर अलगद खाली सोडला. मग म्हणाले, "यांना दारात उभं करा. आत येणाऱ्या प्रत्येकीनं आधी हे बघायचं!"

"माएस्त्रो!" फ्राऊ केलर रडकुंडीला आल्या. "मग आपले कपडे कोण बघणार?"

"तेच मला बघायचंय!"

झालं, राहिले दारात उभी. बायका थांबत, पदर न्याहाळत, आत जात. दाराच्या फटीतून मला दिसत होतं, पहिल्या गाऊनला टाळी नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला एक कडक म्हातारी उठली आणि तिनं मॉडेलच्या बाहीला हात लावून, ती उलटून आतली शिलाई पाहिली. पहिली टाळी तिचीच! शेवटी नवरीचा पांढरा ड्रेस आला तेव्हा अख्खा हॉल उभा होता. सलून वाचलं! असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

टाळ्या चालू असतानाच माएस्त्रो दाराशी आले. माझ्या पदराचा काठ उचलून त्यांनी ओठांना लावला. दुसरा हात अजून खिशातच होता, कात्री घट्ट धरून!