‘रिकामी’ हा शब्द कुणी गायला

देवाजवळ माणसाने काय मागावं आणि मी काय मागत होते, हे लिहिताना आज मलाच हसू येतं. त्या वर्षी इस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी अंधेरीच्या आमच्या गावठाणातल्या देवळात गुडघे टेकून बसायचे. आम्ही ख्रिस्ती असलो तरी चर्चला देऊळच म्हणतो. माळेचे मणी बोटांतून सरकत असायचे, ओठांवर मरियामातेची प्रार्थना असायची, आणि मनात एकच: देवा, शालनचा घसा बसू दे. फार नको, एक आठवडा पुरे. शेजारी बसणाऱ्या बायका म्हणायच्या, हिची भक्ती बघा, डोळ्यांत पाणी येतं हिच्या. पाणी यायचं ते जळफळाटाने.

सुरुवात विलीपासून झाली. विली माझा मावसभाऊ, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. दिवसा सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवायचा आणि उरलेल्या वेळात देवळांसाठी मराठी गाणी रचायचा. आमच्या लहानपणी देवळातली उपासना लॅटिनमध्ये चालायची. पुढे ती मराठीत आली आणि गाणी कमी पडायला लागली. मग ज्याला त्याला विली हवा. बोरिवलीला सुगीच्या सणासाठी नवं गाणं, मुलुंडला देवळाच्या सणासाठी, चेंबूरला कुणी तरुण फादर होणार म्हणून त्या दिवसासाठी. पन्नास माणसं तीन-चार आवाजांत गाणार, मध्येच सगळी थांबणार आणि एकच आवाज एक ओळ गाणार, अशी त्याची रचना असायची. तो एक आवाज माझा. गाणं पहिल्यांदा लोकांसमोर आलं की पहिली ओळ माझ्या गळ्यातून यायची, हे ठरलेलंच होतं. लोक विलीचं अभिनंदन करून माझ्याकडे वळायचे. मी ‘देवाची कृपा’ म्हणायचे आणि घरी जाऊन आरशात बघायचे.

त्या वर्षी चार देवळांनी मिळून विलीला गुड फ्रायडेसाठी रचना करायला सांगितली. त्या दिवशी दुपारच्या उपासनेनंतर आमच्याकडे क्रुसावरची ख्रिस्ताची मूर्ती खरोखर खाली उतरवतात. तिचे हात खांद्यात दुमडतात, मानही हलती आहे. चार पुरुष शिड्यांवर चढतात, पांढऱ्या चादरीत तिला धरून हळूहळू खाली आणतात आणि मरियामातेच्या पुतळ्यासमोर ठेवतात. आदल्या दिवसापासून देवळात एकही वाद्य वाजत नाही. घंटासुद्धा नाही, तिच्या जागी लाकडाची खटखट. म्हणून विलीने ठरवलं की पेटीच्या सुरासारखा एक सूर चारही देवळांच्या लोकांनी तोंड मिटून धरायचा. पाळीपाळीने श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटायचा नाही. आणि त्या सुरावर मरियेची एकच ओळ, तीनदा: ‘ये रे बाळा, खाली ये, माझी मांडी रिकामी आहे.’

ही ओळ त्याने पहिल्यांदा गाऊन दाखवली तेव्हा मी भांडी घासत होते. हात तसेच राखेत राहिले. आमचा आंतोन तीन वर्षांचा असताना तापात गेला. त्याच देवळाच्या मागे त्याला मातीत ठेवलंय. त्यानंतर पाळणा हलला नाही. माझा नवरा पास्कू आणि मी, आम्ही दोघांनी त्याचं नाव घरात कधी घेतलं नाही. घेतलं तर काय होईल कोण जाणे, म्हणून. ही ओळ विलीने कुणासाठी लिहिली असेल ती असो, ती माझी होती. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ती शोभणार नाही, हे मला तिथेच कळलं.

आणि मग विली शालनला घेऊन आला. घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत बायकांचं एक भजनी मंडळ होतं. त्यांना समूहगीत शिकवायला तो गेला होता, आणि तिथे त्याने हिला ऐकलं. मालवणकडची बाई. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला. चार मुलं. आवाज रुंद, थोडा खरबरीत, आणि सुरात इतका सरळ की ऐकणारा मान वर करून बघायचा. मला ते पहिल्या दिवशीच ऐकू आलं, म्हणूनच नाकाला मिरच्या झोंबल्या. मी फादरांकडे गेले. म्हटलं, फादर, तिला कपाळा-छातीवर क्रुसाची खूण करता येत नाही, ती मरियेची ओळ गाणार? फादर शांतपणे म्हणाले, “क्रुसाखाली उभं राहायला तेव्हा तरी कुणाला मज्जाव होता?”

पास्कूला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, “तुला क्रुसाखाली पण पहिला नंबर पाहिजे काय गं?” मी त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं.

विलीने ओळ दोघींत वाटली. ‘ये रे बाळा, खाली ये’ मी म्हणायचं, ‘माझी मांडी रिकामी आहे’ शालनने. जोड कुणाला कळता कामा नये, एकाच बाईचा आवाज वाटला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बाळाला बोलवायचं मी, आणि रिकामी मांडी कुणाची, तर चार मुलांच्या आईची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विलीला मी सरळ विचारलं, “अरे, तिची मांडी कधी रिकामी असते रे? एक उतरलं की दुसरं चढतंय.” त्याने वहीत डोकं घातलं. माझ्या आंतोनला त्याने खांद्यावर घेऊन फिरवलं होतं.

तालमी जोगेश्वरीच्या देवळाच्या हॉलमध्ये व्हायच्या. दर वेळी मी जोडावर थांबायचंच नाही असं ठरवून जायचे आणि तशीच पुढे ‘माझी मांडी’पर्यंत गात राहायचे. शालन तोंड उघडायची, मी गातेय बघून परत मिटायची. विली हात आपटायचा. शालन मात्र कधी चिडली नाही, आणि त्याचा मला जास्त राग यायचा. चिडली असती तर भांडता तरी आलं असतं. एकदा चहाच्या वेळी ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली, आमच्या भजनात बुवाचा श्वास संपायच्या आत मागच्यांनी ओळ उचलायची असते, तिला झील म्हणतात. “बुवाचो आवाज फुटलो तरी लोकांका कळूचा नाय. आणि झील धरली तर ती मागसून सांगूची नसता गो. सांगितली काय पुण्य गेला.” मी म्हटलं, “आमच्याकडे बुवा नसतो.” ती हसली आणि माझा रिकामा कप उचलून घेऊन गेली.

शेवटी विली कंटाळला. शेवटच्या तालमीला सगळ्यांसमोर म्हणाला, “ठीक आहे, पूर्ण ओळ तू गा. तिन्ही वेळा. शालनताई बाजूला नुसत्या उभ्या राहतील आणि तोंड मिटून सूर धरतील.” मी जिंकले होते. शालनने मान डोलावली. जाताना माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, “गा गो बाय. मी हयच आसंय.” मला त्या हाताचासुद्धा राग आला. घरी जाताना मी देवाचे आभार मानले, घसा बसला नाही पण काम झालं म्हणून.

गुड फ्रायडेची दुपार तापलेली होती. आमच्या देवळाच्या पटांगणात मांडव घातला होता, चार देवळांची माणसं दाटीने उभी होती. आमचा गायकवर्ग क्रुसाच्या उजवीकडे, मी पुढे, माझ्या डाव्या हाताला शालन, पांढऱ्या सुती लुगड्यात, डोक्यावर पदर. खटखट वाजली. सगळ्यांनी सूर धरला. इतक्या माणसांचा तो मिटल्या तोंडाचा सूर पायाखालच्या जमिनीतून येतोय असं वाटत होतं. शिड्या लागल्या. मी पहिल्यांदा ओळ गायले, चांगली गायले. दुसऱ्यांदा त्याहून चांगली. विलीच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की शालन ऐकतेय ना.

मूर्ती चादरीतून खाली येत होती. खाली उभं राहून ती हातात घ्यायला जे दोन पुरुष होते त्यांतला एक पास्कू. हे मला ठाऊक होतं, दर वर्षी तोच असायचा. तिसऱ्यांदा मी ‘ये रे बाळा, खाली ये’ म्हटलं आणि मूर्ती त्याच्या हातात आली. तिचं डोकं मागे कलंडलं. पास्कूने पटकन मानेखाली तळवा घातला आणि डोकं स्वतःच्या खांद्याला टेकवून घेतलं. झोपलेल्या पोराला उचलून आत नेताना करतात ना, तसं. आंतोनला तो तसाच आत आणायचा.

माझा घसा बंद झाला. ‘माझी मांडी’ कसंबसं निघालं आणि पुढचा शब्द गळ्यात आला तो तिथेच अडकला. मी तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली. मला एवढंच कळत होतं की आता ओळ तुटणार, सगळ्यांसमोर, सगळ्यांत मोठ्या जागी. आणि तेवढ्यात ‘रिकामी’ ऐकू आलं. हळू, सरळ, अगदी जिथून मी सोडलं होतं तिथूनच. ‘रिकामी आहे.’ डावीकडून आल्यासारखं वाटलं. मान वळवून बघायचं धाडस माझं झालं नाही. मी तोंड उघडं ठेवून उभी होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. या वेळी जळफळाटाचं नाही. ओळीत कितीदा गायला तरी इतकी वर्षं जो शब्द मी स्वतःबद्दल स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता, तो कुणीतरी माझ्यासाठी, माझ्या जागी, मोठ्याने म्हटला होता. मला हलकं वाटलं, एवढंच सांगता येतं.

नंतर विली धावत आला. “काय गायलीस गं. त्या ‘रिकामी’वर सूर केवढा हळू सोडलास, मी लिहिलंच नव्हतं तसं.” मुलुंडच्या बायका हात धरून रडल्या. सगळ्यांनी मलाच ऐकलं होतं. मी शालनला शोधत होते, तर ती घाटकोपरला निघूनसुद्धा गेली होती. मुलांना एकटं टाकून आली होती म्हणे.

संध्याकाळी घरी उपासाची पेज वाढली. पास्कूने पेजेत चमचा घातला. मग म्हणाला, “तू तो शब्द म्हटलास ना, तेव्हा मला वाटलं, आंतोन आज देवाला दिला आपण. इतकी वर्षं धरूनच बसलेलो.” त्याने नाव घेतलं होतं. काही झालं नाही, छप्पर कोसळलं नाही. आम्ही पेज तशीच ठेवली आणि त्याच्याबद्दल बोलत बसलो, तो बदकाला बाबा म्हणायचा इथपासून. पास्कू हसत होता आणि डोळे पुसत होता. तो शब्द मी म्हटला नाही, हे त्याला त्या संध्याकाळी मी सांगितलं नाही.

इस्टर झाल्यावर मी तांदळाची वाफवलेली सांदणं करून डब्यात भरली आणि घाटकोपरला गेले. चढणीवरची चाळ, दारात कपडे वाळत घातलेले, धाकटी पोर तिच्या मांडीवर. मी डबा पुढे केला आणि मनातलं सगळं बोलून टाकलं, घसा बसू दे म्हणून मागितलेलं होतं तेसुद्धा. ती ऐकत होती आणि पोरीचे केस विंचरत होती. शेवटी मी म्हटलं, “शालन, तू धरलीस म्हणून ओळ राहिली.”

तिने फणी थांबवली. “मी? मी खय धरली? माका गावूक नको म्हणान सांगितला होता ना विलीसरांनी. मी तोंड उघडूक नाय.”

“अगं, मग कोण गायलं?”

“तूच गायलंस गो. मी बाजूकच होतंय, माका काय ऐकाक येना नाय?” आणि तिने पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. “हिका धर वायच. च्याय टाकतंय.”

मी तिथे पोरीला धरून बसले. झील धरली तर ती सांगायची नसते, हे शालननेच मला सांगितलं होतं. तेव्हा ती खोटं बोलली असेल. की खरंच बोलली असेल आणि तो आवाज माझाच असेल, किंवा आणखी कुणाचा. तेव्हापासून मी यातलं काहीच ठरवलं नाही आणि फादरांनाही विचारलं नाही. पोर जड होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. थोड्या वेळाने ती तशीच झोपली, आणि शालन चहा घेऊन आली तरी मी हलले नाही.

विलीची गाणी पुढेही आली. पवईला एक, बोरिवलीला दोन. ओळी कधी तिला मिळाल्या, कधी मला. हेवा वाटायचा तो अजून वाटतो, तिचा सूर लागला की पोटात एक बारीक कळ येतेच. कळ आली की मी देवाला सांगते, बघ, आली. आणि श्वास घेते. पूर्वी मला वाटायचं, देवापुढे उभं राहायचं तर ओळ शेवटपर्यंत आपणच न्यायला हवी, तुटली तर आपली लाज. त्या दुपारी ती माझ्याकडून तुटली, आणि तरी पुरी झाली. कुणी पुरी केली ते मला माहीत नाही, पण माझ्याहून चांगली केली. त्याबद्दल देवाचे आभार.

तो शब्द मी गायला नाही, हे मी पुढे पास्कूला आणि सगळ्यांनाच सांगितलं, म्हणून अजून कुणी त्या गुड फ्रायडेची आठवण काढतं आणि विचारतं, तो ‘रिकामी’ शब्द कुणी गायला हो? मी शालनकडे बोट दाखवते. शालन माझ्याकडे दाखवते.