सोपान जाग्यावर न्हाई

एक मेलेला माणूस वर्षभर रोज सकाळी माझं काम अडवत होता.

नाव सोपान. राहणार कुरुळी. हुद्दा सीनियर इंजिनियर, स्वभाव वकिलाचा. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चाकणच्या आमच्या कंपनीत मी मशीनच्या इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतो. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाचं पुढे काय होतं हे बघायचं असेल, तर आमच्या प्रेस शॉपमध्ये या. मशीनवर ‘आत हात घालू नका’ असं चिकटवलंय. ती माझी प्रकाशित रचना.

मूळ पाठ ‘हस्तक्षेप सर्वथा निषिद्ध’ असा होता. तो सोपानने बदलायला लावला.

एकदा माझा कॉम्प्युटर अडकला आणि दुपारभर केलेलं भाषांतर गेलं. सोपान मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, “शास्त्री, फेक ह्ये. मी तुला एडिटर बांधून देतो.”

एडिटर म्हणजे लिहायचंच सॉफ्टवेअर, पण मोकळ्या प्लॉटसारखं. भिंत कुठे, खिडकी कुठे, ते आपणच प्रोग्रॅम लिहून ठरवायचं. हे सगळं एका फाइलमध्ये राहतं. सोपानच्या फाइलमध्ये प्रोग्रॅम कमी आणि मराठी जास्त.

दोन शब्दांचं सूत्र, खाली पानभर भाष्य.

भाष्यं मी बरीच वाचली. वाचकाला शिव्या देणारा भाष्यकार हा पहिलाच.

त्याचा नियम एकच होता. फाइलमध्ये काहीही घालायचं, तर खाली ‘कारण:’ लिहून ते सांगायचं. कारण रिकामं असलं तर एडिटर तेवढा भाग चालवायचाच नाही. मी एकदा वैतागून ‘कारण: असंच’ लिहिलं. तेही चाललं नाही. ‘असंच’ वर त्याने आधीच बंदी घातली होती.

काढायचं असेल तरी तेच. पुसायचं नाही. ‘रिटायर’ नावाच्या मथळ्याखाली न्यायचं आणि तिथेही कारण द्यायचं.

मी म्हटलं, अरे, हे एडिटर आहे की कामगार न्यायालय?

त्यावर त्याने माझ्यासाठी आणखी एक सोय केली. मी फार संस्कृत शब्द वापरला की तो लाल होणार, आणि लाल शब्द बदलल्याशिवाय फाइल सेव्ह होणार नाही. खाली भाष्य: ‘कारण: ही मशीनची पुस्तिका हाय, सत्यनारायणाची पोथी न्हाई.’

लाल शब्दांची यादी तो माझ्याच लिखाणातून गोळा करायचा. पेंट शॉपमधल्या एकाचे वडील वारले तेव्हा नोटीस बोर्डावर मी ‘देहावसान’ लिहिलं. संध्याकाळपर्यंत तो शब्द यादीत.

या सगळ्याचा मला भयंकर त्रास व्हायचा. पुस्तिका मात्र लोक वाचायला लागले. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आधीच काय कमी चढला होता?

आणि मग F8.

कुठे अडलं की मी F8 दाबायचं. माझ्या समोरचा परिच्छेद थेट त्याच्या कॉम्प्युटरवर जायचा, आणि तो तिथून दुरुस्त करून पाठवायचा. मी कैक वेळा म्हटलं, बाबा रे, मलाच शिकव ना हे.

“कशाला? मी हाय की.”

फाइलमध्येही तेच लिहून ठेवलंय. ‘कारण: मी हाय की.’ आता हे त्याच्या स्वतःच्या नियमात बसतं का? पण मालकाला कोण विचारणार.

मागच्या वर्षी, रविवारी सकाळी दाढी करताना त्याला अटॅक आला.

सोमवारी मी एडिटर उघडला. F8 साठी तो उघडतानाच आधी सोपानचा कॉम्प्युटर शोधतो. सापडला नाही. बराच वेळ अडून राहिला आणि मग खाली ओळ आली. मी ती आधी कधी पाहिली नव्हती, कारण तो कधी रजाच घ्यायचा नाही.

‘सोपान जाग्यावर न्हाई. चहाला गेला आसंल. थांब.’

वर्षभर रोज सकाळी हेच.

मी थांबत होतो. शिव्या घालत थांबत होतो. त्याच्या जागी कोणी येईना, फाइल मला दुरुस्त करता येईना, आणि हा म्हणतोय थांब.

आता आमचे लॅपटॉप बदलतायत. आयटीची प्राजक्ता लातूरकडची, मोठी गुणी मुलगी. म्हणाली, बंद पडलेल्या कॉम्प्युटरला शोधणारं काहीही नव्या मशीनवर चालणार नाही. आज संध्याकाळपर्यंत F8 काढा, नाहीतर सगळीच फाइल सोडून द्यावी लागेल.

“दोन ओळी हायत सर. मी काढू का? कशाला रोज थांबायलात?”

म्हटलं, नको. मी काढतो.

दोन ओळी उचलून ‘रिटायर’ खाली ठेवल्या. एडिटर म्हणाला, कारण?

रिकामं सोडून पाहिलं. चाललं नाही.

‘असंच’ लिहून पाहिलं. माहीत होतं, तरी.

मग लिहिलं, ‘देहावसान’.

लाल.

दुपारभर तसाच बसलो होतो. प्राजक्ता एकदा येऊन बघून गेली.

शेवटी लिहिलं, ‘कारण: सोपान नाही.’

सेव्ह झालं.

बंद करून पुन्हा उघडला. अडकला नाही, शोधलं नाही, खाली ओळ आली नाही. इतक्या पटकन उघडला की राग आला.

शेवटी भावपूर्ण वगैरे लिहायची रीत आहे. लिहिलं असतं तर तेही लाल झालं असतं.

तेव्हा, सोपानराव, चहा सावकाश घे.

मी आता थांबत नाही.