तोफांच्या रांगेतला छोटा कॅमेरा

"आता बसा तुम्ही, दमला असाल," असं कुणी म्हटलं की हिसाए कुरामोचीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शाळेच्या स्वयंपाकघरात अख्खी हयात उभं राहून काढलेली बाई ती. शेकडो पोरांचं सूप ढवळायचं, भाताची अवजड पातेली उतरवायची, आणि वर एखादं पोर वाटीखाली गाजर लपवताना दिसलं की दुरूनच ओरडायचं, "दिसलं हं मला!" निवृत्त झाल्यावर सगळे म्हणाले, फुलांची रचना शिका, कोरसमध्ये गा. बाईंनी जाऊन डिजिटल कॅमेरा आणला, तोही चांगला दांडगा, आणि बेंतेन तळ्यावरच्या छायाचित्र मंडळात नाव घातलं.

मंडळ म्हणजे बहुतेक सगळे निवृत्त पुरुष. सकाळी उजाडताना तळ्याच्या कठड्याशी ट्रायपॉडांची रांग लागायची, आणि प्रत्येक ट्रायपॉडवर हातभर लांब लेन्स. या लेन्सांना तिथे सगळे तोफाच म्हणतात. ज्याने आधी ट्रायपॉड रोवला त्याची जागा, त्यावर वाद नाही. मोठ्याने बोलायचं नाही, फोन बॅगेत ठेवायचा. आणि एवढा सगळा फौजफाटा कशासाठी? तर मुठीत मावेल अशा एका निळ्या खंड्यासाठी! तो पाण्यात सूर मारणार, मासा घेऊन वर येणार, आणि त्या एका क्षणाला सगळ्या तोफा कडकडणार.

हिसाएबाईंना हे सगळं मनापासून आवडायचं. थंडीत गार पडलेली बोटं, थर्मासमधला चहा, खंड्या आला की रांगेतून सरकत जाणारी ती कुजबुज. फोटो मात्र दरवेळी हुकायचा. कधी नुसतीच शेपटी यायची, कधी खंड्या सोडून पाण्याचे शिंतोडे. दर मार्चमध्ये वाचनालयाच्या दालनात मंडळाचं प्रदर्शन भरायचं, आणि मंडळाचा एक जुना नियम होता. सलग तीन वर्षं ज्याचा एकही फोटो भिंतीवर लागला नाही, तो सभासद 'सहायक' होणार. सहायक म्हणजे दारात टेबल मांडून बसायचं आणि आल्यागेल्याला चहा द्यायचा. मंडळातली दुसरी बाई, ओरितो-सान, अशीच किटलीपाशी गेली आणि पुढच्या हिवाळ्यापासून तळ्यावर दिसेनाशी झाली. हिसाएबाईंची दोन वर्षं कोरडी गेली होती. हे तिसरं.

त्यात खांद्याने दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, "चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही."

"बघ, डॉक्टरसुद्धा किटलीच म्हणतोय," नवरा नोबोरू शोगीच्या पटावरून मान न उचलता म्हणाला. "सोड ना आता. घरात बस, माझ्याशी डाव मांड."

"तुमच्याशी डाव? एक सोंगटी हलवायला तुम्हाला अर्धा दिवस लागतो. त्यापेक्षा खंड्या बरा, निदान तो उडतो तरी!"

दुसऱ्या दिवशी दांडगा कॅमेरा आणि लेन्स नोबोरूच्या पाठीवर लादून बाई स्टेशनजवळच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेल्या. मालक मात्सुबा त्यांना चांगला ओळखत होता. दांडगा कॅमेरा मोडीत देऊन त्या बदल्यात हलका घ्यायचा, असं ठरलं. मात्सुबाने काचेच्या कपाटातून एकेक काढून समोर ठेवला. बाई आकडे वाचायच्या भानगडीत पडल्या नाहीत. प्रत्येक कॅमेरा हातात घ्यायचा, बोटं आपसूक कुठे पडतात ते बघायचं, कानाशी नेऊन बटण दाबायचं. एक निसटता वाटला. एकाचं बटण फारच खोल होतं. मग एक काळा, छोटासा, कडा झिजलेला कॅमेरा हातात आला आणि बाईंचा चेहरा उजळला. स्वयंपाकघरातली त्यांची आवडती पळी अशीच हातात बसायची. मागचा पडदा वर उलटा करता यायचा, म्हणजे कॅमेरा मांडीवर ठेवूनही त्यात बघता येणार होतं. वर बटण दाबलं तर आवाजच नाही!

"हा," बाई म्हणाल्या.

मात्सुबाने कान खाजवला. "कुरामोची-सान, मी दुकानदार आहे, विकायला मला आवडेल. पण याची लेन्स जवळची आहे आणि ती बदलता येत नाही. तुमचा खंड्या यात तांदळाच्या दाण्याएवढा दिसेल."

"मग खंड्याने जवळ यावं."

नोबोरू इतका हसला की त्याला ठसका लागला. पण कॅमेरा तोच घेतला गेला.

तळ्यावर ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार! सुगाया म्हणून एक जण होता, रांगेतला वात्रट. त्याने पहिल्याच दिवशी कमरेत वाकून विचारलं, "काय कुरामोची-सान, खंड्याला आमंत्रण धाडलंत का? कितीला येतो म्हणाला?"

"तुम्ही तोंड आवरून बसलात की येतो म्हणाला."

रांग खिदळली. मंडळाचे अध्यक्ष इसोगाई मात्र हसले नाहीत. बँकेत साहेब होते ते; सरळ कणा, इस्त्रीची टोपी, आणि सगळ्यांत लांब तोफ त्यांची. माणूस वाईट नव्हता हो. उलट फार मायाळूपणे बोलायचे, आणि तेच जास्त झोंबायचं. "खांद्याला जपा," ते म्हणाले. "आणि सहायकाचं काम म्हणजे काही कमीपणा नाही. दारात तुमच्यासारखं हसरं माणूस असलं की प्रदर्शनाला शोभा येते."

बाई हसल्या, मान लववली, आणि आपलं घडीचं स्टूल घेऊन रांगेच्या टोकाला जाऊन बसल्या. त्या रात्री नोबोरूने वाढलेलं सूप तसंच गार झालं. "मला दारात नाही बसायचं," एवढंच त्या म्हणाल्या. नोबोरूने पहिल्यांदाच शोगीचा पट मिटवून ठेवला.

आता इसोगाईंच्या काठीची गोष्ट सांगायला हवी. खंड्याने आपल्याला हव्या त्या जागी बसावं म्हणून अध्यक्षांनी शरद ऋतूत कठड्यालगत पाण्यात एक काठी रोवून ठेवली होती. बागेच्या पाटीवर अशा काठ्या रोवायची मनाई होती, पण पाटीकडे पाठ करून उभं राहायचं तंत्र मंडळाला छान जमलं होतं. खंड्याही सोकावला होता. रोज सकाळी यायचा, काठीवर बसायचा, सूर मारायचा. सगळ्या तोफा त्या काठीवर नेम धरून ठेवलेल्या असायच्या.

फेब्रुवारीतल्या एका गोठवणाऱ्या सकाळी रांग लागली आणि बघतात तर काठी गायब! बागेच्या माणसांनी उपटून नेली होती.

"शुद्ध अन्याय आहे हा," सुगाया म्हणाला, जणू ती काठी त्याच्या वाडवडिलांची होती. इसोगाईंनी ट्रायपॉड आणखी पुढे घेतला, अगदी कठड्याला टेकवून. त्यांची तोफ आता पाण्यावर पुढे आली होती. पलीकडच्या काठावरच्या वेळूंवर त्यांनी नेम धरला. बाकीच्यांनीही तिकडेच तोंडं फिरवली.

हिसाएबाई स्टूल घेऊन उभ्याच राहिल्या. जेवणघरात एखाद्या पोराची खुर्ची कुणी उचलली तर ते पोर दुसऱ्या टेबलावर कधी जायचं नाही, तिथल्या तिथेच घुटमळत मिळेल त्यावर टेकायचं. बाईंनी काठी होती ती जागा पाहिली. मग वर पाहिलं. बरोबर त्या जागेवर इसोगाईंची तोफ आली होती.

"इसोगाई-सान, मी इथे तुमच्या बाजूला बसले तर चालेल? मला ट्रायपॉडची जागा लागत नाही."

"बसा की, बसा. दमला असाल."

आज मात्र त्या शब्दांचा राग आला नाही. स्टूल टेकलं, कॅमेरा मांडीवर घेतला, पडदा उलटा केला आणि बाई मान खाली घालून बसल्या.

सूर्य वर आला, गवतावरचं हिव चकाकलं. आणि ती ओळखीची बारीक शीळ पाण्यावरून आली. निळी रेघ वेळूंकडे गेलीच नाही. ती सरळ काठीच्या जागेवर आली, हवेत थबकली, आणि अध्यक्ष इसोगाई यांच्या तोफेच्या तोंडावर ऐटीत बसली.

सगळ्या तोफा खंड्याकडे वळल्या आणि घरघरायला लागल्या. आत-बाहेर, आत-बाहेर, पण काही केल्या चित्र स्पष्ट होईना. एवढ्या लांबच्या लेन्सांना इतकं जवळचं दिसतच नाही! आणि इसोगाई? ते अजून डोळा लावून पलीकडचे वेळू न्याहाळत होते.

"कुठे गेला? आवाज तर आला," ते कुजबुजले.

"हलू नका!" सुगाया दातांतून म्हणाला. "तुमच्या तोफेवर आहे."

"माझ्या?" इसोगाईंच्या कपाळावर फेब्रुवारीत घाम आला. डोळा बाजूला घेतला तर खंड्या उडणार, न घ्यावा तर दिसणार नाही. बिचारे एक डोळा मिटलेले, तोंड उघडं, टोपी तिरकी, तसेच थिजून राहिले.

हिसाएबाईंचा अंगठा मांडीवरच्या कॅमेऱ्यावर हलला. आवाज नाही, हालचाल नाही. पडद्यावर खंड्या एवढा मोठा होता की छातीवरचं नारिंगी पीस न् पीस मोजावं. आणि मागे, त्या तोफेच्या दुसऱ्या टोकाला, अध्यक्षांचा तो चेहरा. खंड्याने तिथूनच सूर मारला, मासा घेऊन पुन्हा तिथेच येऊन बसला, तोफेवर मासा आपटला, गिळला. बाई टिपत राहिल्या. शेवटी सुगायाला राहवलं नाही. फोन काढायला त्याने जॅकेटची चेन ओढली, चर्रर्र झालं आणि खंड्या उडाला.

मग सगळे सुगायावर तुटून पडले. बाई स्टूलवर बसून होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

प्रदर्शनाची निवड करायला बाहेरून एक वयस्क शिक्षक यायचे. फोटो टेबलावर मांडलेले, नावं झाकलेली. वेळूंवरचा खंड्या, काठीवरचा खंड्या, सुबक, रेखीव, आणि सगळे एकसारखे. शिक्षक चालत चालत एका फोटोपाशी थांबले आणि पोट धरून हसायला लागले. हसणं थांबल्यावर ते पुन्हा वाकून फोटो निरखू लागले. "पक्षी माणसाकडे बघतोय, आणि माणूस पक्ष्याला शोधतोय," ते म्हणाले. "हा मधल्या भिंतीवर. कुणाचा?"

फोटोत अध्यक्षांचं तोंड उघडं होतं आणि तेच भिंतीवर टांगायचं होतं! सगळे इसोगाईंकडे बघायला लागले. इसोगाई उठले. टोपी काढली.

"लेन्स माझी. तोंडही माझंच. फोटो कुरामोची-सान यांचा," ते म्हणाले, आणि कमरेत वाकले. "आणि मी त्यांना बसा म्हणत होतो."

मार्चमध्ये वाचनालयाच्या दालनात मधल्या भिंतीपुढे गर्दी हटत नव्हती. जुन्या शाळेतली, आता बापे झालेली पोरं आली. "काकू, आम्ही गाजर खातो आता!" असं सांगून गेली. ओरितो-सान आल्या, फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि जाताना विचारून गेल्या, "तो छोटा कॅमेरा कुठल्या दुकानात मिळाला?" मात्सुबाने फोटोच्या शेजारी स्वतःचा फोटो काढून घेतला. नोबोरू प्रत्येकाला सांगत होता की दांडगा कॅमेरा दुकानापर्यंत त्याने वाहून नेला, म्हणून हे सगळं झालं.

दाराशी टेबल होतं, किटली होती. आणि किटलीमागे, आपणहून एप्रन बांधून, अध्यक्ष इसोगाई उभे होते. त्यांचा या वर्षी एकही फोटो निवडला गेला नव्हता, आणि तसं ते येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून सांगत होते. त्यांनी पेला भरला, दोन्ही हातांनी हिसाएबाईंपुढे धरला.

"घ्या. बसून घेता का?"

"उभ्यानेच घेते," बाई म्हणाल्या. चहाचा घोट घेऊन त्यांनी खांद्यावरचा छोटा कॅमेरा पुढे ओढला. "एप्रन छान दिसतो तुम्हाला. थांबा, एक फोटो घेते."

इसोगाई सवयीने दोन पावलं मागे सरले.

"अहो, मागे काय जाताय?" बाई हसून म्हणाल्या. "जवळ या."