शेवटचं प्रकरण चहाच्या सुट्टीत

जीन्सच्या कारखान्यात धागे कापणाऱ्या बाईच्या अंगावरून संध्याकाळी किती धागे निघतात, ते तिच्या नवऱ्याला विचारा. पदरावर, केसांत, कधी कधी भाजीतसुद्धा. किस्स्यांचं तसंच आहे. बसल्या जागी चिकटतात, कळतही नाही, आणि घरी पदर झटकला की एकेक खाली पडतो. माझ्याकडे आता इतके साचलेत की कोणाला तरी सांगितल्याशिवाय घर झाडून होणार नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एका शेठचा गाळा आहे. त्याच्या वरच्या माळ्यावर आम्ही चौघी बसतो. शिवलेल्या पँटी दुसरीकडून येतात, त्यांचे लोंबणारे धागे छोट्या कटरने कापायचे, एवढंच काम. मी लता, विठ्ठलवाडीची, चौथी पास. सुनंदा अंबरनाथची, माझ्याच वयाची. रेखा बदलापूरला शिरगावात राहते, तरुण आहे, बारावी झालेली. आणि चामटोलीच्या कौसल्यामावशी, साठीच्या पुढच्या, अक्षरओळख नाही.

या कामात हात चालतात आणि डोकं रिकामं राहतं. रिकाम्या डोक्यात काय येणार? पाणी, गॅस, सून, सासू. एक दिवस सुनंदाने रद्दीच्या दुकानातून एक जुनी रहस्यकथा आणली, ती पण डब्याखाली अंथरायला. कव्हर गेलेलं, पानं पिवळी. डब्याच्या कडेला मला एवढंच दिसलं की बंगल्यात कोणीतरी मरून पडलंय. मी म्हटलं, "सुनंदे, डबा उचल. कोण मेलंय ते बघू."

तेव्हापासून नियम झाला. एकीने मोठ्याने वाचायचं आणि तिच्या वाट्याच्या पँटी बाकी तिघींनी वाटून घ्यायच्या. शेठला माल वेळेवर मिळतो, आम्हाला खुनी मिळतो.

* * *

पहिली वाचायला बसली रेखा. बारावीवाली, तिचाच मान. वाचायचीही फाडफाड. भानगड एवढीच की तिचे डोळे तोंडाच्या दोन ओळी पुढे पळायचे. तोंडाने वाचतेय, "डिटेक्टिव्हने हळूच दार ढकललं," आणि हात आधीच छातीवर. दाराआड प्रेत आहे हे आम्हाला दार उघडायच्या आत कळलेलं.

एकदा कारकून खोलीत आला, एवढंच वाक्य होतं. रेखाचा चेहरा उतरला. मावशींनी कटर खाली ठेवला. "झाला. कारकूनच हाय. मीट ते पुस्तक."

कारकूनच होता.

मग पुस्तक माझ्याकडे आलं. मी अक्षराला अक्षर लावून वाचणारी. जोडाक्षर आलं की माझी गाडी उभी राहते. "इच्छापत्र" वाचायला मला सुनंदाच्या दोन पँटी लागतात. मला वाटलं, आता हसतील. पण सुनंदा म्हणाली, "लताच वाचेल. तिला आपल्या आधी काही कळतच नाही."

माझं एवढं खरं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं. चौथीत गुरुजी वडिलांना म्हणाले होते, हिचं वाचन मंद आहे, पुढे ठेवून काय करणार. वडिलांना निमित्तच हवं होतं. खुनाच्या गोष्टीला मंदच वाचन लागतं, हे गुरुजींना माहीत नव्हतं.

* * *

सुनंदाचं उलटं. भीती वाटली की माणसाचा हात थांबतो, हिचा दुप्पट चालतो. एका गोष्टीत विहिरीतून बाहेर आलेला हात मी तीन ओळी वाचत होते, तेवढ्यात हिने धाग्याबरोबर पट्टा अडकवायच्या तीन लुप्प्या कापल्या.

दुसऱ्या दिवशी शेठ पँट घेऊन वर. शेठ सिंधी, साठीचा माणूस, मराठी सगळं कळतं, बोलताना निम्मं हिंदी. पँट माझ्यासमोर धरली. "लताबाई, ये क्या है? कस्टमर इसमें नाडी डालेगा क्या?"

सुनंदाने आपला कटर पदराखाली सरकवला.

"देखो, अबकी बार एक भी पीस पार्टीकडून वापस आला, तो किताब बंद. रेडियो लगाओ, भजन लगाओ. किताब बंद."

ऐकायला छोटी गोष्ट आहे. पण घरी मी पुस्तक हातात घेतलं की ह्यांना चहा हवा असतो आणि मुलाला त्याचा शर्ट सापडत नाही. माझं जे काय वाचन आहे ते त्या माळ्यावर. ते बंद झालं तर मी परत चौथी पास.

म्हणून दुसरा नियम केला. शेवटचं प्रकरण कामावर वाचायचं नाही. चार वाजता चहाची सुट्टी होते, तेव्हाच. आणि सुरू करायच्या आधी चौघींचे कटर मावशींच्या रिकाम्या डब्यात, झाकण लावून. सुनंदाच्या मांडीवर तर काहीच ठेवायचं नाही. ती चहाचा ग्लाससुद्धा लांब ठेवते.

* * *

मावशींना एवढाल्या बंगल्यांचं सुरुवातीला नवल वाटायचं. "बारा खोल्या? झाडतं कोण?" मग कोण झाडतं ते पुस्तकात येईपर्यंत पुढे सरकू द्यायच्या नाहीत.

पण खुनी ओळखण्यात त्यांचा हात धरणारी कोणी नाही. डिटेक्टिव्ह बोटांचे ठसे बघतोय, राख चिमटीत धरतोय, रेखा वहीत कोण किती वाजता कुठे होतं ते लिहितेय. मावशी धागे कापतायत. आणि मध्येच, "यानंच मारलान."

पाच पुस्तकं झाली, पाचही बरोबर. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कळतं तरी कसं?

"जेवणाचं वाच बाय तू नीट. घरात माणूस मेलंय, आन् ह्यो दुसऱ्यांदा वाढून घेतो. ज्याला धक्का बसलाय त्याच्या घशाखाली घास उतरंल का?"

रेखाने वही मिटली. तेव्हापासून पुस्तकात कोणी जेवायला बसलं की आम्ही ताटं मोजतो.

हे घरी पण उपयोगाला येतं. डॉक्टरांनी ह्यांना तळलेलं बंद केलंय, आणि ह्यांचा जीव सिंध्याच्या गाडीवरच्या डाळपकवानात. एका रविवारी पाय मोकळे करून येतो म्हणून गेले, दीड तासाने आले, जेवायला बसले आणि एका भाकरीवर हात धुतला. मी विचारलं, "डाळपकवान चांगलं होतं का?"

हात पुसायचे टाकून ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "भाकरीने."

* * *

रद्दीतली पुस्तकं संपली, तेव्हा सुनंदाने अंबरनाथला लायब्ररीत नाव घातलं. पहिलंच पुस्तक आणलं आणि उघडलं तर पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं, "खुनी – माळी."

माझं डोकंच फिरलं. सुट्टीच्या दिवशी विठ्ठलवाडीहून उठून अंबरनाथला गेले आणि पुस्तक टेबलावर आपटलं. "हे कोणी लिहिलं?"

लायब्ररीतले काका म्हणाले, "बाई, पुस्तक जुनं आहे. शंभर जणांनी नेलं असेल."

"मग शंभर नावं दाखवा. रजिस्टर काढा."

"तुम्ही डिटेक्टिव्ह आहात का?"

"मी चौथी पास आहे. रजिस्टर काढा."

रजिस्टर वाळवीने खाल्लेलं होतं. दुसरं पुस्तक देतो म्हणाले. मी म्हटलं, नको, आता हेच वाचणार. चौघी वाचायला बसलो ते पुस्तकातल्या माळ्यावर डोळा ठेवूनच. माळी झाडांना पाणी घालतो, आम्ही एकमेकींकडे बघतो. माळी कात्री शोधतो, सुनंदा मांडीवरची पँट बाजूला ठेवते. आणि चाळिसाव्या पानावर माळी स्वतःच मेलेला सापडला, पाठीत सुरा.

मावशींनी एक धागा कापला आणि म्हणाल्या, "तरी ध्यान ठेवा त्याच्यावर."

शेवटी खुनी निघाली मालकीण. पण माझं मन अजून त्या पेन्सिलीत अडकलंय. अक्षर वळणदार होतं, शिकलेल्या माणसाचं. त्याने थट्टा केली, की चाळिसाव्या पानाच्या आधीच पुस्तक सोडून दिलं आणि जन्मभर माळ्यालाच खुनी समजत बसला? लायब्ररीतून कुठलंही पुस्तक आलं की मी आधी पहिलं पान उजेडात धरून बघते. ते अक्षर पुन्हा सापडलेलं नाही.

* * *

आता गेल्या महिन्यातलं.

आमचं डोंगरावरच्या हॉटेलचं पुस्तक चालू होतं. श्रीमंत म्हातारीला कोणीतरी दुधातून विष दिलंय आणि संशय डॉक्टरवर, पुतण्यावर आणि सोबतीला ठेवलेल्या बाईवर. शेवटचं प्रकरण नियमाने चहाच्या सुट्टीत वाचलं, कटर डब्यात, झाकण लावून. पुस्तक लायब्ररीचं, ते परत गेलं. मी नवीन सुरू केलं.

पंधरा दिवसांनी शेठ वर आले आणि तीन पँटी माझ्यासमोर टाकल्या. पार्टीकडून परत आल्या होत्या. तिन्हींच्या मागच्या लुप्प्या कापलेल्या. शेठनी माझ्या मांडीवरचं नवीन पुस्तक उचललं आणि खाली घेऊन गेले.

आम्ही तिघींनी सुनंदाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी. "मुलांची शपथ, मी नाही कापल्या."

दोन दिवस माळ्यावर फक्त कटरचा आवाज. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मावशींनी त्या तीन पँटी ओढून घेतल्या आणि कापलेल्या लुप्पीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"लते, ह्यो आपला कटर नाय."

आमचा कटर बोटाएवढा. लुप्पी जाड. तो ती एका दमात कापत नाही, दोन-तीनदा कुरतडतो, कडेला भुसा राहतो. ही कड सरळ होती, सुरीने पेरू कापावा तशी. मोठी कात्री. आणि गाळ्यात मोठी कात्री एकच आहे, आमच्या माळ्यावरच, जिन्याजवळच्या टेबलावर. माल बांधायच्या आधी शेठ स्वतः तिथे उभे राहून शेवटचं चेकिंग करतात आणि राहिलेला धागा त्या कात्रीने काढतात. दुसऱ्या कोणाला त्या कात्रीला हात लावू देत नाहीत.

रेखाने पँटीच्या चिठ्ठीवरची माल बांधल्याची तारीख बघितली आणि तिची वही काढली, पुस्तक कधी संपलं तेही ती त्यात लिहिते. म्हातारीचं पुस्तक संपलं तोच दिवस.

सुनंदा हळूच म्हणाली, "त्या दिवशी चहा झाला तरी शेठ टेबलापाशीच उभे होते. त्यांचा चहा तसाच होता, साय आली होती. मग फोन वाजला, टेम्पो आला म्हणून खाली पळाले."

म्हणजे खुनी सापडला. पण त्याला सांगणार कोण?

"ताई, काम जाईल," रेखा म्हणाली.

"माझं तोंड बंद," सुनंदा म्हणाली. "मी एकदा कापल्यात."

चार वाजता शेठ वर आले. मी उभी राहिले. "शेठ, बसा."

"क्यों?"

"बसा. शेवटचं प्रकरण आहे."

ते गठ्ठ्यावर बसले. मी एकेक मांडलं. डब्यातले कटर, लुप्पीची कड, चिठ्ठीवरची तारीख, साय आलेला चहा. वाचताना अडखळते तशीच अडखळत होते, पण थांबले नाही. शेवटी म्हटलं, "गाळा तुमचा आहे. पुस्तक बंद करायचं तर करा. पण आमच्या नावावर करू नका."

शेठ उठले. टेबलावरून कात्री आणली, पँट घेतली, कापलेली कड पात्याशी लावून बघितली. रेखा पिशवीत डबा भरायला लागली होती. मीही मनात म्हटलं, गेलं. वाचनही गेलं आणि कामही.

शेठ परत गठ्ठ्यावर बसले. कात्री मांडीवर ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वो सब ठीक है, लताबाई. पण त्या म्हातारीला जहर दिलं कोणी? मेरा फोन आ गया था. इतने दिन से सोच रहा हूँ. डॉक्टर था ना?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सहा वर्षांत मावशी शेठशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. शेठ वर आले की डोक्यावरचा पदर आणखी पुढे यायचा. आत्ताही पदर पुढेच होता.

"आदी तुमी कबूल करा, शेठ," मावशी म्हणाल्या. "मंग नाव सांगते."